लाल टबाचा नियम

हारिनने त्याला पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा त्याला बोलता येत नव्हतं.

म्हणजे तो काही मुका नव्हता. पण एप्रिलचा पहिला आठवडा, समुद्राचं पाणी सहा अंशांवर, आणि हा गृहस्थ त्यात चाळीस मिनिटं राहून आलेला. पाठीवर सिलिंडर, अंगावर आत पाणी न शिरणारा काळा रबरी पोशाख, आणि चेहऱ्याचा जेवढा भाग उघडा होता तेवढा पिकल्या जांभळाच्या रंगाचा. दोलमे गावच्या धक्क्याच्या पायऱ्या तो एकेक करून चढत होता, आणि वर पिवळा रेनकोट घालून हारिन उभी होती. खरं तर त्या सकाळी तिने तिथे असायचं कारणच नव्हतं. पहारा म्हाताऱ्या बानकाकांचा होता. पण बानकाकांची दाढ ठणकत होती आणि मच्छीमार सोसायटीच्या ऑफिसात दुसरं कोणी जागं नव्हतं.

"पिशवी दाखवा," हारिन म्हणाली.

"फ... फ्फ..."

"नाव?"

"म्मा... दो... ग्यू."

"गाव?"

या प्रश्नाला ओठांनी साफ नकार दिला. त्याने हात वर करून डोंगरांकडे बोट दाखवलं, मग आणखी पलीकडे, मग आणखी पलीकडे.

"देजोन?"

त्याने मान डोलावली.

"देजोनला तर समुद्रच नाही."

"म्हणून... तर... आलो," तो म्हणाला. हे त्याचं तिच्याशी बोललेलं पहिलं पूर्ण वाक्य. ओठ थरथरत होते, पण डोळे हसत होते – ती सहा अंशांची थंडी बहुधा डोळ्यांपर्यंत पोचली नव्हती.

हारिनने जाळीच्या पिशवीत हात घातला. एक चमचा निघाला. गंजका.

"हे काय?"

"चमचा."

"दिसतंय. टबात टाका."

आणि तिने, नियमाप्रमाणे, सगळ्या धक्क्याला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडून सांगितलं, "चमचा एक – जमा!"

नियमाचं असं होतं. दोलमेच्या समुद्रातली प्रत्येक गोगलगाय, आत केशरी गर असलेला प्रत्येक काटेरी गोळा आणि प्रत्येक शेवाळाची पात ही सोसायटीच्या मालकीची. गावच्या बायका श्वास रोखून बुडी मारायच्या आणि तो माल वर काढायच्या. आयांनी तेच केलं, आज्यांनी तेच केलं. सिलिंडर लावून पाण्यात उतरणारा माणूस म्हणजे चोर, हे गावात सिद्ध करावं लागत नसे. फरक एवढाच की काही चोर सापडले होते आणि काही अजून यायचे होते. त्यामुळे मा दोग्यूने बंद पडलेलं मासळीचं हॉटेल भाड्याने घेऊन तिथे डायव्हिंगचं दुकान थाटलं आणि बंदराच्या तोंडाशी बुडालेल्या बोटीवर लोकांना नेण्याची परवानगी मागितली, तेव्हा सोसायटीचे चेअरमन गुक चांगहो यांनी एका हंगामापुरती दिली खरी. पण सोबत सात कलमं दिली. ती फ्रेम करून धक्क्यावर टांगली.

तिसरं कलम सगळ्यांना पाठ होतं: गावच्या समुद्रातून जे बाहेर येईल ते गावाचं. ते सर्वांसमोर लाल टबात टाकावं. टबात पडलेलं परत मिळणार नाही. ते गावातच राहील.

सातवं कलम कोणी फारसं वाचत नसे. सिलिंडरवाल्याने कोणाच्याही जाळ्याला हात लावल्यास त्याने सूर्यास्तापूर्वी गाव सोडावं.

दुसऱ्या दिवशी बानकाकांची दाढ बरी झाली. पण तोवर हारिनने चेअरमनना सांगून टाकलं होतं की म्हाताऱ्या माणसाला वाऱ्यात बसवणं सोसायटीला शोभत नाही.

त्या दिवशी पिशवीत डावा बूट होता.

"बूट एक, डावा – जमा! ... अहो, उजवा कुठंय?"

"शोधतोय. उद्या यावंच लागणार मला."

"बुटासाठी?"

"बुटासाठीच तर," तो गंभीरपणे म्हणाला.

उजवा बूट त्यानंतर सव्वीस दिवस पिशवीत आला नाही. त्याऐवजी वरण वाढायच्या डावासारखा एक डाव आला, कान तुटलेला कप आला, बिनकाट्याचं होकायंत्र आलं. एकदा पाऊस झोडपत असताना तो चक्क एक अख्खा काचेचा दिवा घेऊन आला. माकुळ पकडायच्या बोटींवर रांगेने लावतात तसला, शहाळ्याएवढा, आणि तोही न फुटलेला, फक्त बुडाची टोपी गळालेला. तिने तो हातात घेतला. आत चमचाभर समुद्र होता आणि त्यात एक अगदी बारीक खेकडा.

"हा... हा जिवंत आहे," ती म्हणाली.

"राहायला जागा बघत होता. मी म्हटलं, दोलमे बरं गाव आहे. पहारा फार कडक, पण... पहारेकरीण बरी आहे."

हारिनने टबाकडे तोंड फिरवून "दिवा एक!" असं ओरडायला घेतलं, आणि आवाज मध्येच फाटला. धक्क्यावर काटेरी गोळे फोडत बसलेली तिची ओकसुन मावशी, बुडी मारणाऱ्या बायकांची मुख्य, वर न बघता म्हणाली, "घसा धरला वाटतं पोरीचा. पावसाचा परिणाम."

बाकीच्या बायका इतक्या हसल्या की दोन गोळे वाया गेले.

हारिन घरून थर्मासमधून बार्लीचा चहा आणायला लागली. सोसायटीच्या कुठल्याही कलमात चहाचा उल्लेख नव्हता. दोग्यू कप दोन्ही हातांनी धरायचा, ओठ परत कामाला लागेपर्यंत थांबायचा आणि मग विचारायचा, "आज मी किती निळा?"

"कालच्यापेक्षा कमी. नाकाचा शेंडा अजून परदेशी आहे."

तो पूर्वी लिफ्ट दुरुस्त करायचा. आठ वर्षं. लोकांना वर पोचवून आपण मात्र खड्ड्यात उभं राहायचं, असं त्याने त्या नोकरीचं वर्णन केलं. मग एकदा सुट्टीत तो पाण्याखाली गेला आणि तिथे बटण नव्हतं, घंटा नव्हती, सारख्या तक्रारी करणाऱ्या चौथ्या मजल्यावरच्या बाई नव्हत्या.

"आणि ती बोट," तो म्हणाला. "हारिन, तुम्ही बघायला हवी. नऊ मीटरच खोल. ऊन पार डेकपर्यंत उतरतं. कठड्यावर पांढरी समुद्रफुलं – फ्लॉवरच्या गड्ड्यांएवढी! आणि नाव अजून वाचता येतं, दे..."

"देसोंग," हारिन म्हणाली. थर्मासचं झाकण तिने घट्ट लावलं. "म्हणजे मोठं यश. माझ्या अप्पांची बोट आहे ती."

दोग्यूने कप खाली ठेवला.

अकरा वर्षांपूर्वी, समुद्राच्या पूजेच्या दिवशी, अख्खा गाव धक्क्यावर जमलेला असताना, कप्तान प्यो जोंगमुन यांनी नवी कोरी देसोंग झेंडे लावून बंदरात आणली. वारा नव्हता. लाट नव्हती. बोट अचानक डावीकडे वळली, खडकावर चढली, आणि मंत्र संपायच्या आत बुडाली. कप्तान डोक्यावर टोपी तशीच ठेवून पोहत आले. "खाली कशाने तरी बोटीचा पंखा पकडला," एवढंच ते म्हणाले. यावर चेअरमन गुक म्हणाले, "पंखा कोणी पकडला नव्हता, कप्तानाने पकडली होती. बाटली."

गावाला तो विनोद आवडला. इतका की अकरा वर्षं पुरला. कप्तान प्यो तेव्हापासून 'नऊ-मीटर' झाले. हारिन 'नऊ-मीटरची मुलगी'. तिला बघायला आलेली दोन स्थळं गावातून चौकशी करून जाताना हसत गेली होती. आणि दारूचा थेंब न घेणारे अप्पा त्या दिवसापासून सोसायटीच्या हॉलकडे फिरकले नाहीत. घराच्या मागे माकुळं चिरून दोरीवर वाळत घालत राहिले. सध्या आई बुसानला थोरलीच्या बाळंतपणाला गेली होती; तिने फोनवर रोज विचारावं, "बोलतात का?" आणि हारिनने म्हणावं, "माकुळांशी."

"पंखा," दोग्यू हळूच म्हणाला. "मागची बाजू वाळूत गाडलेली होती. पण या हिवाळ्याच्या लाटांनी वाळू सरकलीय. परवा मला एक पातं दिसलं. त्याच्यावर काहीतरी... गुंडाळलेलं आहे."

हारिनने त्याच्या कपातला उरलेला चहा समुद्रात ओतला. मग म्हणाली, "मला न्याल?"

"गार असतं हो खाली."

"मी ओकसुनची भाची आहे. मला पाण्याची नका भीती घालू. मला फक्त... तो हवेचा डबा वापरायला शिकवा. एका श्वासात बघून होणार नाही ते."

शिकायला तीन आठवडे लागले, आणि हे तीन आठवडे संपूच नयेत असं दोघांनाही वाटत होतं. त्यामुळे हारिनला साध्या गोष्टीही चारचारदा समजावून घ्याव्या लागल्या. तिची अडचण विचित्र होती. मावशीने लहानपणापासून शिकवलेलं, पाण्याखाली श्वास घ्यायचा नसतो. आता हा सांगत होता, थांबवायचा नसतो.

"घ्या ना श्वास!"

"घेते हो! सवय नाही."

"अहो, फुकट आहे. दुकानदाराने दिलाय."

पोशाख त्याचाच जादाचा होता. ती त्यात दोनदा मावली असती. डोक्यावरची रबरी टोपी ओढून बसवताना त्याची बोटं तिच्या कानाशी थांबली... तिच्या बटा आत सारताना गरजेपेक्षा जरा जास्तच थांबली. "केस बाहेर राहिले की पाणी शिरतं," त्याने खुलासा केला. खुलासा कोणी मागितला नव्हता.

ठरलेल्या दिवशी सकाळी धक्का भरलेला होता. शेवाळ काढायचा हंगाम. लांबलचक ओल्या पाती दोऱ्यांवर पसरायला सगळं गाव लोटलं होतं. खुद्द चेअरमन खुर्ची टाकून देखरेख करत होते. हारिन पाण्यात जाणार म्हणून पिशव्या तपासायला ओकसुन मावशी बसली.

"सिलिंडर लावून चाललीस," मावशी म्हणाली. "आमच्या घराण्यात. जा. पण लक्षात ठेव, भाची म्हणून पिशवी सोडणार नाही."

"नकोच सोडूस," हारिन म्हणाली.

पाण्याने आधी तिच्या कपाळावर जणू बर्फाची लादीच ठेवली. मग दात. मग काहीच जाणवेना. हिरव्या उजेडात ती खाली, खाली गेली, आणि एकाएकी समोर देसोंग होती.

तिला वाटलं होतं, एखादं प्रेत पाहिल्यासारखं वाटेल. पण बोट सुंदर दिसत होती. एका कुशीवर कलंडून निवांत पडली होती; कठडाभर पांढरी फुलं हळूहळू डोलत होती, आणि केबिनच्या खिडकीतून एक लठ्ठ मासा, भाडं थकवलेल्या भाडेकरूच्या चेहऱ्याने, बाहेर डोकावत होता. अप्पांनी स्वतःच्या हाताने रंगवलेली अक्षरं. तिने त्यांवरून हात फिरवला. दोग्यू शेजारी तरंगत थांबला. त्याने घाई केली नाही.

मग तो तिला मागे घेऊन गेला.

पंख्याभोवती जाळं होतं. दोरखंडासारखं पिळून घट्ट बसलेलं, मडक्याएवढं गाठोडं. कशानेतरी पंखा पकडला होता... कशानेतरी. हारिनच्या तोंडातून बुडबुड्यांचा एक मोठा लोट सुटला. गाठोड्यातून, जाळ्यांना बांधतात तसला, एक पिवळा तरंगता डबा अर्धा बाहेर आला होता, आणि त्यावर शिंपल्यांनी झाकलेली एक पट्टी. ती काय होती हे दोलमेतल्या लहान पोरानेही सांगितलं असतं. प्रत्येक जाळ्यावर मालकाच्या नावाची पट्टी लावावीच लागते.

दोग्यूने अंगठ्याने थोडं खरवडलं. एक आडनाव दिसलं. 'गुक'.

त्याने तिच्याकडे पाहिलं. तिने त्याच्याकडे. गावात गुक एकच होता.

हारिनने त्याच्या कमरेची, पाण्याखाली लिहायची पाटी ओढून घेतली आणि बधिर बोटांनी लिहिलं: *कलम सात. तुझं दुकान?*

तोवर ते एकमेकांना 'तुम्ही' म्हणत होते. पण पाटीवर जागा कमी होती.

दोग्यूने ते दोनदा वाचलं. नियमाचं त्याला काही वाटलेलं दिसलं नाही. तो फक्त 'तुझं' या शब्दाकडे बघत राहिला. मग त्याने सगळं पुसलं आणि एक गोल चित्र काढलं. टब. लाल टब.

तिने चाकू धरायचा प्रयत्न केला, बोटं ऐकेनात. चाकू त्याने धरला. त्यानेच कापला डब्याचा दोर. हवा भरपूर होती, पण हारिनने तो सगळा वेळ श्वास रोखून धरला. सवयच तशी.

ते पायऱ्या चढून वर आले तेव्हा दोघंही जांभळी होती.

"पिशवी," ओकसुन मावशी म्हणाली.

दोराला लोंबणाऱ्या जाळ्याच्या तुकड्यासकट डबा धपकन टबात पडला. शेवाळ पसरणारे हात थांबले. चेअरमन खुर्चीतून उठले.

"हे काय आहे? जाळं? कोणाच्या जाळ्याला हात लावलात?"

"फ... फ्फ..." दोग्यू म्हणाला.

"म्म... प्फ..." हारिन म्हणाली.

आयुष्यभर जे बोलायचं होतं ते आता ओठांवर होतं, आणि ओठच कामावर नव्हते. तिने बोट दाखवलं. पट्टीकडे.

मावशीने काटेरी गोळे फोडायची सुरी उचलली आणि शिंपले खरवडायला सुरुवात केली. खर्र, खर्र. मग ती, सिलिंडरवाल्यांचा मनापासून तिरस्कार करणारी, खणखणीत आवाजात वाचू लागली.

"गुक चांगहो. दोलमे. जाळं क्रमांक चौदा." तिने मान वर केली. "कुठं होतं गं पोरी हे?"

"पं...ख्यात," हारिनच्या तोंडून शेवटी निघालं. "देसोंगच्या. पंख्यात."

"वाहत आलं असेल!" चेअरमन म्हणाले. "समुद्र आहे. वस्तू वाहतात."

"चांगहो," मावशी शांतपणे म्हणाली, "मागच्या वर्षी तुझा डावा रबरी हातमोजा हरवला, तर तू भोंग्यावरून तीनदा सूचना दिलीस. तीन दिवस गाव शोधत होतं. हे एवढं जाळं हरवलं आणि अकरा वर्षं एक शब्द नाही? पूजेच्या दिवशी सगळ्यांची जाळी घरी. तुझं तेवढं बंदराच्या तोंडात... होय ना?"

चेअरमननी उत्तर द्यायला तोंड उघडलं. ते पाण्यात गेले नव्हते, पण त्यांचेही ओठ हलेनात.

गर्दी मागून बाजूला होऊ लागली. कप्तान प्यो आले होते. मुलगी पाण्यात जाणार म्हणून सकाळपासून ते मासळीच्या खोक्यांमागे उभे होते, आणि डोक्यावर तीच ती टोपी होती. त्यांनी पट्टी हातात घेतली. उलटी केली, सुलटी केली. सगळा गाव त्यांच्या तोंडाकडे बघत होता.

"पोरा," ते दोग्यूला म्हणाले, "पंख्यापाशी खोली किती?"

दोग्यूने मनगटावरचं यंत्र पुढे केलं. नऊ पूर्णांक सहा.

"साडेनऊच्या वर," अप्पा म्हणाले. "अकरा वर्षं नऊ-मीटर, नऊ-मीटर... मी तेव्हाच सांगत होतो."

पहिल्यांदा बानकाका हसले. मग मावशी. मग सगळा धक्का; पण हे हसणं निराळं होतं, आणि त्यात अप्पाही होते. कोणीतरी ओरडलं, "कप्तान प्यो!" आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या, हातातल्या शेवाळासकट.

"एक मिनिट!" चेअरमनना आवाज परत मिळाला होता. "कलम सात! सिलिंडरवाल्याने जाळ्याला हात लावला. सूर्यास्ताच्या आत याने गाव सोडायचं. नियम तो नियम!"

हसणं थांबलं. दोग्यूने मान डोलावली. त्याला ते पाण्याखालीच ठाऊक होतं. तो वाकून आपले पोहायचे रबरी पंजे गोळा करू लागला... आणि हारिन पुढे झाली. बधिर ओठ तिने हातांनी चोळले. जोरात.

"बरोबर आहे," ती म्हणाली. "नियम तो नियम. मग कलम तीन वाचा, काका."

"तिसऱ्याचं इथे काय?"

"गावच्या समुद्रातून जे बाहेर येईल ते गावाचं. टबात पडलेलं परत मिळणार नाही. ते गावातच राहील. सही तुमची आहे." ती दोग्यूकडे वळली. तिची हनुवटी थरथरत होती. थंडीने, असं तिने नंतर पुष्कळ वर्षं सांगितलं. "तू आत्ता कुठून आलास?"

"स... समुद्रातून."

"कोणाच्या?"

"तुमच्या... तुझ्या गावच्या."

"मग बस."

"कुठे?"

"टबात!"

दोग्यूने टबाकडे पाहिलं. टबात जाळ्याचा डबा होता, जोडीची वाट बघत तसाच पडलेला डावा बूट होता, तळाशी चार बोटं गार पाणी होतं. तो सिलिंडर उतरवून, अगदी अदबीने, एक पाय टाकून आत गेला आणि बसला. रबराचा करकरून आवाज झाला. मग त्याने छातीजवळची चेन उघडली, पोशाखाच्या आत हात घातला आणि एक वस्तू बाहेर काढली. उजवा बूट.

"पहिल्या आठवड्यातच सापडला होता," तो म्हणाला. "पण मग मला रोज यायला कारण उरलं नसतं."

चेअरमन गुक टबाजवळ उभे राहिले, कलमांच्या फ्रेमकडे बघितलं, गावाकडे बघितलं, आणि हॉलच्या दिशेने चालू लागले. थोड्या वेळाने खांबावरचा भोंगा खरखरला.

"सूचना. सूचना. कप्तान प्यो जोंगमुन यांची देसोंग बोट..." खोकला. "...ती ज्या जाळ्यामुळे बुडाली, ते जाळं माझं होतं. त्या दिवशी कप्तानांनी प्यायलेली नव्हती. हे मला माहीत होतं. सूचना संपली."

भोंगा थांबला. मग पुन्हा खरखरला. "माफी असावी. हे राहिलं होतं."

अप्पांनी टोपी काढली, झटकली, आणि नीट सरळ करून परत घातली. मग टबात बसलेल्या माणसाकडे त्यांनी बराच वेळ, बोट विकत घेताना बघावं तसं, बघितलं.

"गळत तर नाही ना कुठे?" त्यांनी मुलीला विचारलं.

"नाही, अप्पा. मी रोज तपासलंय."

"हारिन," दोग्यू टबातून हळूच म्हणाला, "टबात पडलेलं परत देत नाहीत ना?"

"नियम आहे."

"कधीच?"

"कधीच."

"मग एक सांगू? आज... तूही समुद्रातूनच आलीस."

हारिनने मावशीकडे पाहिलं. मावशी सुरी पुसत आकाशाकडे बघत होती. अप्पा टोपीकडे. मग तिने तिला दोनदा पुरेल एवढा तो पोशाख दोन्ही हातांनी वर धरला आणि पाय टाकला. टबातलं पाणी उसळून चहूबाजूंनी धक्क्यावर सांडलं. जाळ्याचा डबा, दोन्ही बूट आणि दोन माणसं यांना तो टब फारच लहान होता. तिने दोग्यूचा जांभळा हात हातात घेतला. कोणाचा जास्त गार होता हे शेवटपर्यंत ठरलं नाही.

ओकसुन मावशी उठली, दोन्ही हात तोंडाशी नेले आणि बंदराच्या पार तोंडापर्यंत, देसोंगपर्यंत ऐकू जाईल अशी आरोळी दिली –

"दोन नग! जिवंत! – जमा!"